तांबं आधी काळपट आणि मग हिरवं का पडतं?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात चिंचेने लखलखीत घासलेली तांब्याची कळशी आठवड्यात काळवंडते, काठाशी हिरवं धरतं, तर हा गंज लोखंडासारखा भांडं खातो का? सहसा नाही. आणि ते हिरवं मुळात ऑक्साइड नव्हेच, तिथेच बहुतेकांची गफलत होते.

हवेतल्या ऑक्सिजनने तांब्यावर पहिल्यांदा चढतो तो क्युप्रस ऑक्साइड, लालसर. थर अगदी पातळ असतो तेव्हा त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि ओल्या रस्त्यावरच्या पेट्रोलच्या तवंगासारखे रंग दिसतात. मोटर रिवाइंडिंगच्या तारेचा तुकडा घ्या, पॉलिश पेपरने वरचं इनॅमल पुरतं खरवडा (नाहीतर जळकं इनॅमलच काळं दिसेल) आणि पकडीत धरून गॅसवर तापवा. नारिंगी, जांभळा, निळसर अशा छटा सरकत जातात आणि शेवटी तार काळी पडते. काळा तो क्युप्रिक ऑक्साइड. दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश तो गिळतो. तापून लालबुंद झालेली तार पाण्यात बुडवली तर काळी खपली सुटते आणि खाली लालसर थर दिसतो. घरातली कळशी काळवंडते त्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंचाही हात असतो.

हिरव्याला ऑक्सिजनखेरीज पाणी आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यातून तांब्याचा क्षारीय कार्बोनेट बनतो. कोल्हापुरात जूननंतर भांडं नीट सुकतच नाही, मग हे होणारच. अशा संयुगांत तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. ते लाल प्रकाश शोषतं आणि आपल्याला निळा-हिरवा उरतो. आजूबाजूला कोणते रेणू आहेत त्यावर छटा ठरते. बोर्डो मिश्रणासाठी (पिकांवर फवारायचं बुरशीनाशक) आणलेल्या मोरचुदाचे, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचे, चार खडे मातीच्या पणतीत मंद आचेवर तापवा: पाणी उडून पांढरी पूड होते. गार झाल्यावर थेंबभर पाणी टाकलं की परत निळी. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे ती पणती पुन्हा देव्हाऱ्यात नको आणि खिडकी उघडी ठेवा.

लोखंडाचा गंज फुगून सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तांब्याचा थर घट्ट चिकटतो, म्हणून पुढची झीज फार मंदावते.

अपवाद मिठाचा. चिंच किंवा लिंबाचं आम्ल ऑक्साइड विरघळवतं, मीठ त्या कामाला जोर देतं, म्हणून भांडं झटक्यात उजळतं. पण ते नीट धुतलं नाही तर मिठातला क्लोराइड मागे राहतो, आणि हिरवं आधीपेक्षा लवकर येतं. लिंबाएवढी चिंच कपभर पाण्यात कोळून त्यात चमचाभर मीठ पुरे. घासून लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने विसळा, पुन्हा साधं पाणी, आणि कोरड्या फडक्याने पुसा. उपडं घालून ‘निथळेल’ म्हणून सोडलं की काठाशी थेंब साठतो. तुमचं हिरवं काठाशीच दिसतं ते बहुधा त्यामुळेच.

हिरवं पोटात जाऊ देऊ नका, मळमळ आणि उलट्या होतात. पिण्याच्या पाण्यात तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. कल्हई नसलेल्या तांब्यात ताक किंवा चिंचेचं सार कळकतं ते याच विरघळलेल्या तांब्यामुळे. नुसतं पाणी भरायला हरकत नाही.

जुन्या काशाच्या मूर्तीला मात्र चिंच-मीठ लावूच नका. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या काशाच्या वस्तू तिथल्याच टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. तशा जुन्या वस्तूंवरचा घट्ट थर हेच त्यांचं संरक्षण असतं. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर आत क्लोराइड आहे आणि दमट हवेत तो धातू खरोखर पोखरतो. अशी वस्तू कोरडी ठेवा आणि संवर्धनाचं काम करणाऱ्यालाच दाखवा.