तेव्हाची उपासमार आणि आताची कंबर

प्रश्न : माझे वय 29 आहे. तेराव्या वर्षापासून जवळजवळ तीन वर्षे मी जाड होण्याच्या धास्तीने जेवण टाळत होते. डब्यातली पोळी-भाजी मैत्रिणींना वाटून रिकामा डबा घरी नेत असे. वजन 34 किलोवर आले आणि चौदा महिने पाळी बंद होती. पुढे उपचारांनी बरी झाले. आता वर्षभरापासून संगणकासमोर बसले की कंबर दुखते. त्या उपासमारीने माझा कणा कायमचा कमकुवत झाला असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शंका रास्त आहे, पण कंबरदुखी आणि हाडांची विरळता यांची गल्लत करू नका. हाड विरळ झाले म्हणून दुखत नाही. मणका दबून मोडेपर्यंत बहुधा काहीच जाणवत नाही. बसून वाढणारी आणि चार पावले चालल्यावर उतरणारी कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची व बसण्याच्या सवयीची असते. तरीही तुमचा पूर्वेतिहास मी बाजूला ठेवणार नाही.

मुलींच्या हाडांत सर्वाधिक भर पाळी सुरू होण्याच्या आगेमागे पडते आणि विशीपर्यंत सुमारे 90 टक्के हाडसाठा तयार होतो. नेमके त्याच वयात अन्न तोडले, तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि हाड घडण्याचे काम मंदावते. मणक्याच्या आतले हाड जाळीदार असल्याने ही घट तिथे लवकर दिसते. पुढील आयुष्यात मणके दबणे, उंची कमी होणे, पोक येणे असे परिणाम त्यातून संभवतात. वजन व पाळी पूर्ववत झाल्यावर घनता सुधारते, मात्र सर्वांचीच तूट पूर्ण भरून निघते असे नाही.

म्हणून कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी एकदा करून घ्या. अहवालातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण प्रौढांशी केलेली तुलना, पाहून घाबरू नका. तुमच्या वयात झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांशी केलेली तुलना, पाहायचा असतो आणि तो उणे 2 किंवा त्याखाली असेल, तर घनता वयाच्या मानाने कमी समजतात.

गोळ्या देऊन पाळी आणली की हाडेही सावरली, असा समज अजून आढळतो. तो चुकीचा आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव हाडांच्या सुधारणेची खूण नव्हे. योग्य वजन टिकवणे आणि पाळी आपोआप नियमित येणे, हाच पाया. त्याला नाचणी, दूध, तीळ, ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि बेताच्या वजनांचा व्यायाम यांची जोड द्यावी.

बादली उचलताना अचानक पाठीत कळ येऊन मणक्यावर एकाच जागी दाबल्यावर दुखू लागले, किंवा उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटली, तर डेक्साची वाट न पाहता एक्स-रे काढावा. आणि चौदा महिने पाळी बंद होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. कंबर दाखवायला आलेल्या रुग्णाला हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो.