स्नायू पेशीतून कसा जाईल?

प्रश्न असा आलाय: सायटिकावरच्या (कुल्ल्यापासून पायात उतरणाऱ्या दुखण्यावरच्या) एका हिंदी लेखात 'कुछ लोगों में स्नायु पेशी को भेदकर निकलता है' अशा अर्थाचं वाक्य आहे. स्नायू पेशीला भेदेल कसा? पेशी तर स्नायूतच असतात ना?

वाक्य बरोबर आहे, ते मराठी डोळ्यांनी वाचल्यामुळे घोटाळा झालाय. हिंदीत (बंगालीतही) स्नायु म्हणजे नर्व्ह, आपली चेता. हिंदीतली पेशी किंवा मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. आणि आपली पेशी तिकडे कोशिका होते.

आता लेखातली गोष्ट. कुल्ल्यात खोलवर, त्रिकास्थीपासून (माकडहाडाच्या वरच्या हाडापासून) मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आडवा जातो. सायटिक चेता ही शरीरातली सगळ्यात जाड चेता. बहुतेकांत ती या स्नायूच्या खालून अखंड बाहेर पडते. काहींत तिचे दोन भाग वरच सुटे होतात आणि एक भाग स्नायू चिरून येतो, दुसरा खालून. बीटन आणि अ‍ॅन्सन या शरीररचनेच्या अभ्यासकांनी 1937 साली अशा सहा तऱ्हा मांडल्या. अशी रचना असली म्हणजे पाय दुखणारच असं मुळीच नाही; कित्येकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण चेतेपाशी भूल देताना एकच भाग बधिर झाला, तर पाय अर्धवटच सुन्न होतो. खुब्याची शस्त्रक्रिया मागच्या बाजूने करतानाही सर्जनला हे ध्यानात ठेवावं लागतं.

मग मूळ अर्थ कुणाचा खरा? सुश्रुतसंहितेत पेशी 500 आणि स्नायू 900 मोजलेत. तिथे पेशी मांसाचीच, म्हणजे हिंदीने ती जपली. स्नायू मात्र सांधे बांधणारे दोर, नावेच्या फळ्या बांधतात तसे. तो अर्थ दोन्ही भाषांनी सोडला, आपण मांसाकडे नेला, त्यांनी चेतेकडे. ग्रीकांचंही तेच: 'न्यूरॉन' म्हणजे आधी कंडरा होती, स्नायू हाडाला बांधणारा दोर. गृध्रसीचं, म्हणजे सायटिकाचं, खापरही सुश्रुत कंडरेवरच फोडतो. पाय उचलू देत नाही ती, असं म्हणतो.

लिहिताना मी 'चेता'च लिहितो. बोलण्यातल्या 'नस दबली'ला माझी हरकत नाही, पण नस रक्ताचीही असते. आजीला नुसतं 'नस दबली' म्हटलं की तिला रक्त साकळल्याची भीती वाटते, म्हणून 'रक्ताची नव्हे गं' हे आधी सांगावं लागतं.