कव्हरचा निम्मा फायदा डावणीमुळे?

प्रश्न: ताई, मी निफाडचा, स्टॅटमध्ये एमएस्सी करतोय. आमच्या आणि आजूबाजूच्या द्राक्षबागांचा डेटा गोळा केलाय, काही प्लॉटवर प्लॅस्टिक कव्हर आहे, काहींवर नाही. कव्हरवाल्यांना एकरी माल जास्त निघाला, पण मॉडेलमध्ये डावणीचं (डाउनी मिल्ड्यू, द्राक्षावरचा रोग) प्रमाण टाकलं की कव्हरचा आकडा निम्म्यावर येतो. म्हणजे निम्मा फायदा डावणी कमी झाल्यामुळे, असं लिहू ना?

उत्तर: अरे थांब, एवढ्यात नको लिहूस. तू केलंयस ती बॅरन आणि केनी यांची 1986 ची पद्धत, अजून सगळीकडे चालते, पण तिच्यात धरून चाललेलं असतं की डावणी आणि माल दोन्हीवर परिणाम करणारं तिसरं काही बाहेर राहिलेलं नाही. आता तुझ्याच बागेत बघ, पाला दाट असला की हवा खेळत नाही, डावणी वाढते, आणि काडीला ऊन मिळालं नाही तर घडनिर्मितीच कमी होते, म्हणजे पाला मोजला नसशील तर त्याचंही पाप डावणीच्या माथी जातं आणि तुझा 'निम्मा' फुगतो. अगदी चिठ्ठ्या टाकून कव्हर वाटलं असतंस तरी हे सुटलं नसतं, चिठ्ठ्या कव्हरच्या टाकल्या, डावणीच्या नाही!

रॉबिन्स-ग्रीनलंड यांनी 1992 मध्ये आणि मग पर्लनी 2001 मध्ये हे नीट मांडलं. थेट परिणाम म्हणजे कव्हर टाकलं पण डावणी मात्र कव्हर नसताना जेवढी झाली असती तेवढीच धरली, तरी माल किती वाढला. (असा प्लॉट कुणी बघितलेला नाही, पण हिशेब करता येतो.) अवकाळीत मणी तडकायचे वाचले, ते यात. कव्हर आणि डावणीचा गुणाकारही मॉडेलमध्ये घाल, आर या सॉफ्टवेअरमधलं मेडिएशन पॅकेज बूटस्ट्रॅपसकट (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून आकडा किती हलतो ते बघणं) हे करून देतं.

पण खरी गोची फवारण्यांची आहे. कव्हर असलं की लोक फवारण्या कमी करतात, आणि फवारणीचा परिणाम डावणीवरही होतो, भुरी या दुसऱ्या रोगामार्फत मालावरही. अशी गोष्ट साध्या मॉडेलमध्ये टाकली तरी चुकतं, नाही टाकली तरी चुकतं. मी असते तर फवारणी आणि डावणी मिळून एकच वाट धरली असती, वेगळी काढायचा हट्ट सोडला असता. एक्स्पोर्टवाल्यांकडे फवारणीच्या नोंदी असतातच, आधी त्या माग.