‘वंश’ विचारलं की पोरींचा हिशेब निघतो

यवतमाळ जिल्ह्यात सर्वेक्षणाला निघालेल्या समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या हातातली प्रश्नावली बाहेरून, इंग्रजीतून आलेली आहे. विषय : वंश, लिंग, आरोग्य आणि डिजिटल माध्यमं यांतली सामाजिक विषमता. ती विचारते, ‘रेस’ला ‘वंश’ बरोबर आहे का? ‘विषमता’ म्हणू की ‘असमानता’? आणि खेड्यातल्या बाईला यातलं काय कळेल?

मी बरीच वर्षं केळापूर तालुक्यात अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. असले फॉर्म भरून भरून माझी बोटं दुखली आहेत. त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

एकदा अशाच एका फॉर्मात ओळ होती, ‘वंशामुळे तुम्हाला कधी वेगळी वागणूक मिळाली का?’ मी ती जशीच्या तशी वाचली. समोरची बाई कापूस वेचून आली होती, ओटीतली बोंडं अजून झटकायची होती. ती म्हणाली, ‘कायचा वंश व माय, मले दोन्ही पोरीच हायेत. सासू रोज आयकवते.’ मी ‘होय’वर खूण केली आणि पुढे गेले. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. प्रश्न होता वर्णद्वेषाचा, उत्तर आलं ‘वंशाला दिवा नाही’ याचं. ती खूण मुंबई-पुण्यात कुठल्या रकान्यात मोजली गेली असेल, देव जाणे.

चूक बाईची नव्हती. मराठीत वंश म्हणजे कुळाची पुढे चालणारी रेघ. संस्कृतात या शब्दाचा एक मूळ अर्थ बांबू. पेरावर पेर चढत जातं, तशी पिढीवर पिढी. ‘बांस’ आणि ‘बासरी’ त्याच घरातले. (गडचिरोलीच्या बांबूच्या रांजीसमोर उभं राहिलं की हा अर्थ कोशाशिवाय पटतो.) ‘मानववंश’ हा अर्थ पुस्तकांतून आला आणि अजून पुस्तकांतच आहे. संविधानाच्या 15 व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी यादी आहे. तिथे वंश जातीपासून वेगळा उभा आहे, आणि अहवालाच्या मथळ्यात तुम्हीही तो तसाच ठेवा. ‘वर्ण’ घेऊ नका. वर्तमानपत्रं दक्षिण आफ्रिकेबद्दल ‘वर्णद्वेष’ लिहितात ते ठीक, पण आपल्याकडे नुसतं ‘वर्ण’ म्हटलं की चातुर्वर्ण्य येऊन बसतं.

यात एक गंमत आहे. वंशभेदाविरुद्धच्या 1965 च्या आंतरराष्ट्रीय करारात रेस, रंग यांच्यासोबत ‘डिसेंट’ असाही शब्द आहे, म्हणजे जन्माने आलेली कुळी. 2001 साली वंशभेदाविरुद्धच्या डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा भारत सरकारचं म्हणणं होतं की जात म्हणजे रेस नव्हे. ते शब्दशः खरंही आहे. जातींचे वंश वेगवेगळे आहेत ही कल्पना तर बाबासाहेबांनीच 1936 सालच्या, करता न आलेल्या लाहोरच्या भाषणात खोडून काढली होती. पण पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, त्या कराराच्या समितीने सांगितलं की ‘डिसेंट’मध्ये जात येते. आता बघा, रेस म्हणून जो ‘वंश’ लंगडा पडतो, तो ‘डिसेंट’ म्हणून आमच्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या अर्थाशी तंतोतंत जुळतो. जात आणि रेस यांचं हे नातं मराठीला नवं नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना.

तर अमेरिकेबद्दल लिहिताना वंश. गावात विचारताना थेट जात, जमात. कोलाम आदिवासीला ‘तुमचा वंश’ विचारण्यात काय हशील?

विषमता की असमानता, यावर फार वेळ घालवू नका. असमानता म्हणजे दोन गोष्टी सारख्या नसणं, त्यात तक्रार असेलच असं नाही. विषमतेत अन्यायाची धार आहे, म्हणून ‘आर्थिक विषमता’, ‘श्रेणीबद्ध विषमता’ हेच शब्द रुळले. मथळ्यात विषमता. मात्र दारात उभं राहून हा शब्द काढू नका. आमच्याकडे ‘विषम’ ऐकलं की जुन्या माणसांना विषमज्वर आठवतो. लोक म्हणतात दुजाभाव, डावं-उजवं. मला स्वतःला ‘पंक्तिप्रपंच’ सगळ्यात आवडतो. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तूप आणि दुसऱ्याच्या पानावर नुसतं वरण. अख्खा समाजशास्त्राचा धडा एका वाढपात.

पण खरा शब्द तुमच्या प्रश्नावलीत नाहीच. तो आहे ‘विटाळ’. तुमचे जात, लिंग आणि आरोग्य हे तीन रकाने या एका शब्दात नांदतात. जातीचा विटाळ, बाळंतिणीचा विटाळ, पाळीचा विटाळ. सोयराबाईंनी ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ म्हणत हे सगळं एका ओळीत धरलं. त्यांच्या घरधन्याचं, चोखोबांचं, जन्मगाव म्हणून आपल्या बुलढाण्यातलं मेहुणा राजा सांगतात, म्हणजे ही चर्चा आपल्या अंगणातलीच. आज बरेच जण विटाळ असं थेट म्हणत नाहीत, ‘अडचण आहे’, ‘कावळा शिवला’ म्हणतात. गडचिरोलीच्या माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाई ज्या झोपडीत राहते तिला कुर्माघर म्हणतात. ‘पाळीमुळे भेदभाव होतो का’ असं विचाराल तर ‘नाई’ येईल. ‘त्या दिवसांत कुठं निजता, पाणी कोण देते’ विचारा.

आरोग्याच्या भागात ‘सिकलसेल’, म्हणजे आईवडलांकडून येणारा रक्ताचा आजार, आला असेल तर ‘वाहक’ या शब्दाची काळजी घ्या. एसटीत वाहक म्हणजे तिकीट फाडणारा. दवाखान्याच्या कागदावर वाहक म्हणजे ज्याच्या रक्तात एकाच बाजूने, आईकडून किंवा वडलांकडून, तो दोष आला आणि ज्याला सहसा त्रास होत नाही. दोन्हीकडून आला तर आजार. हा आजार 1910 साली शिकागोच्या डॉक्टरांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यात नोंदवला, आणि पुढे तिकडे तो कितीतरी वर्षं ‘काळ्यांचा आजार’ मानला गेला. इकडे तो आदिवासी आणि दलित वस्त्यांत जास्त आढळतो. हिवतापाच्या मुलखांत ज्यांच्या रक्तात असा एक अंश होता ते जास्त तगले, म्हणून तो टिकला. जातीशी किंवा वंशाशी त्याचं नातं एवढंच. पण स्थळ आलं की ‘पोरगी सिकलची हाय’ म्हणून बोलणं मोडतं. पोरगा वाहक असेल तर हीच कुजबुज हळू आवाजात होते. ही विषमता ‘आजार आहे का’ या प्रश्नाने हाती लागायची नाही.

डिजिटलचं सोपं आहे, कारण तिथे भाषांतर नको, फक्त एक शब्द नीट हवा. ‘घरी मोबाइल आहे का?’ विचारलं की सगळीकडे ‘हाय’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने प्रश्न जरा वेगळा घातला : तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? 2019-21 च्या फेरीत देशभरातल्या सुमारे 54 टक्केच बायकांनी हो म्हटलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका 33 टक्के, पुरुष 57 टक्के. त्या ‘स्वतः’ शब्दाने केवढा पडदा वर गेला! आमच्या बायका म्हणतात, ‘हाय न मोबाइल, पोट्टा कालेजात नेते.’ सेतूवर ओटीपी मागितला की ती बाई पोट्टा घरी येईस्तोवर थांबते, तोवर मजुरीचा दिवस बुडालेला.

म्हणून ‘डिजिटल दरी’ मथळ्यात राहू द्या. खाली प्रश्न असा घाला : ‘ओटीपी आला तर तो कोण वाचते?’ आणि हा प्रश्न पोट्टा कॉलेजात गेल्यावर विचारा.