गाठ चोळू नकोस: स्तनदाहाने आजारी असलेल्या एका नवमातेस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. बाळ पाच आठवड्यांचे असताना उजव्या स्तनात कठीण, दुखरा भाग जाणवू लागला, संध्याकाळपर्यंत थंडी वाजून १०२ अंश ताप चढला, डॉक्टरांनी तपासून स्तनदाहाचे निदान केले आणि औषधे लिहून दिली. परंतु घरी आल्यापासून प्रत्येक जण वेगळा उपाय सांगत असल्याने नक्की काय करावे हेच तुला कळेनासे झाले आहे. बाळंतिणींच्या सेवेत माझे आयुष्य गेले असल्यामुळे ही ओढाताण मला परिचयाची आहे. तापात आणि जागरणात इतक्या जणांशी वाद घालण्याचे बळ तुझ्यात नसणार. म्हणून हे पत्र तू एकटीने वाचू नकोस. आईला आणि नवऱ्यालाही वाचायला दे.

तुझ्या हाताला जी गाठ लागते तिच्याविषयी आधी लिहिते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. वाहिनीत दुधाची गुठळी बसली आहे आणि ती दाबून बाहेर काढली की दुखणे संपेल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो कठीण भाग म्हणजे मुख्यतः दूधवाहिन्यांच्या आजूबाजूच्या पेशीजालाला आलेली सूज असते आणि त्या सुजेने वाहिन्या बाहेरून दाबल्या गेल्यामुळे दूध नीट वाहत नाही. गरम शेक द्या, गाठ जोराने चोळा, स्तन पूर्ण रिकामा करा, असा उपदेश वैद्यकातही बराच काळ चालत आला होता. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये स्तनदाहाविषयीची आपली मार्गदर्शिका नव्याने लिहिली आणि त्यात हा भर बदलला. आता सांगितले जाते ते असे: सूज उतरू द्या, पाजणे नेहमीप्रमाणे चालू ठेवा आणि स्तनावर बळजबरी करू नका.

मालिशवाल्या बाई तेल लावून अंगठ्याने गाठ फोडून देतो म्हणाल्या, असे तू लिहिले आहेस. त्यांना चहा द्यावा, बाळाची मालिश करू द्यावी, पण तुझ्या स्तनाला हात लावू देऊ नये. मुरगळून सुजलेला पाय आपण अंगठ्याने रगडत नाही, येथेही तेच. जोराच्या दाबाने नाजूक पेशीजाल आणि बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, सूज वाढते आणि दुखणे लांबते. हात लावायचाच असेल तर तो इतका हलका असावा की फक्त त्वचा सरकेल, आणि त्याची दिशा काखेकडे व गळ्याच्या हाडाकडे असावी, कारण सुजेचे पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या त्या बाजूला जातात. कंगव्याने गाठ विंचरणे, मसाजाचे यंत्र लावणे आणि बोंडशीवर पांढरा ठिपका दिसला तर तो सुईने फोडणे, हे सारे टाळावे. एरंडेलाच्या पट्ट्यांचीही गरज नाही.

थंड शेकाचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण तो आपल्या घरांतील एका खोल समजुतीशी भिडतो. बाळंतिणीला गार लागू द्यायचे नाही, तिच्या कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी, प्यायला कोमट पाणी, अशा वातावरणात मुलीने बर्फ मागितला तर आईच्या काळजात धस्स होणारच. त्या काळजीचा राग धरू नकोस. आईला एवढेच समजावून सांग की बर्फाची पिशवी सुती कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे दुखऱ्या जागेवर ठेवल्याने सारे अंग गार पडत नाही, दूध आटत नाही आणि वाताचा विकारही जडत नाही. त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आणि ठणका कमी होतो. दिवसातून अनेकदा असे करता येते. बर्फ थेट त्वचेवर मात्र ठेवायचा नाही. गरम शेकाने काही जणींना घटकाभर बरे वाटते, हे खरे. पण उष्णतेने त्या भागातील रक्तप्रवाह वाढून सूज वाढू शकते, म्हणून सध्या तो बाजूला ठेवलेला बरा. कान बांधून आणि पायांत मोजे घालूनही छातीवर बर्फ ठेवता येतो. तसे केल्याने तुला आराम मिळेल आणि आईचेही समाधान होईल.

तुझ्या पत्रातील एका वाक्यावर मी थांबले. बाळ पिऊन झाल्यावरही तू प्रत्येक वेळी पंप लावून दूध काढतेस आणि फ्रीझरचा एक कप्पा त्याने भरला आहे, असे तू सहज लिहून गेलीस. या दुखण्याचे मूळ तेथे असण्याचा मोठा संभव आहे. पहिले काही दिवस सरल्यानंतर दुधाची निर्मिती मागणीवर चालते: जितके दूध बाहेर जाईल तितके शरीर पुन्हा बनवते. बाळाच्या गरजेपेक्षा जास्त काढत राहिलीस तर शरीर ती जास्तीची मागणी खरी मानते, स्तन सतत भरलेले राहतात आणि दाहाला निमित्त मिळते. ‘रिकामे कर, रिकामे कर’ हा सल्ला म्हणूनच उलटतो. सध्या बाळ मागेल तेव्हा आणि मागेल तेवढे पाज. पाजल्यावरही ताण असह्य वाटला तर बरे वाटण्यापुरते थोडे दूध हाताने काढ आणि तेथेच थांब. आजवरचे जास्तीचे काढणे एका दिवसात बंद न करता दोन-चार दिवसांत कमी करत ये. दूध वाढावे म्हणून तुला शतावरी, अळिवाची खीर आणि मेथीचे लाडू चालू आहेत. तुझ्याकडे दुधाची कमतरता नाही, तेव्हा त्यांना काही काळ विश्रांती देण्यास हरकत नाही. साधे, पोटभर जेवण आणि तहान भागेल एवढे पाणी पुरेसे आहे. अंगात घालायचे कपडे आधार देणारे असावेत, आवळणारे नसावेत.

आता आजेसासूबाईंच्या शंकेविषयी. तापातले दूध बाळाला बाधते, सुजलेल्या बाजूचे दूध नासलेले असते, म्हणून ती बाजू बंद करावी, असे त्या म्हणतात. हे खरे नाही, आणि या एका गोष्टीवर तू ठाम राहावेस अशी माझी कळकळीची विनंती आहे. वेळेवर जन्मलेल्या, निरोगी बाळाला स्तनदाह झालेल्या बाजूचे दूधही सुरक्षित असते. ते किंचित खारट लागू शकते, कारण दाह असताना दुधातील सोडियम वाढते. त्यामुळे बाळाने एखाद्या वेळी तोंड फिरवले तर घाबरू नकोस. पाजणे एकाएकी थांबवले तर दूध साचते आणि गळू होण्याची शक्यता वाढते. दुखऱ्या बाजूने सुरुवात करणे सोसत नसेल तर चांगल्या बाजूने सुरू कर, पान्हा फुटला की बाळाला हलकेच इकडे घे. सुजेमुळे बोंडशीभोवतीचा काळसर भाग ताठ झाला असेल तर बाळाला घेण्याआधी बोटांच्या टोकांनी तो चहूबाजूंनी मिनिटभर आतल्या दिशेने हळू दाबून धर. तो मऊ झाला की बाळाचे तोंड नीट बसते. बाळाने फक्त बोंडशी न पकडता त्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात घ्यायला हवा आणि त्याची हनुवटी स्तनाला टेकायला हवी. बोंडशीला भेगा असतील तर बहुधा ही पकडच चुकत असते. त्यासाठी दवाखान्यातील परिचारिकेसमोर एकदा पाजून दाखव.

डॉक्टरांनी दिलेले सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक स्तनपान चालू असताना घेता येते आणि या आजारासाठी ते नेहमी वापरले जाते. प्रत्येक स्तनदाहात जंतुसंसर्ग असतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता दाह असतो आणि दिवसभरात उतरू लागतो. तुझा ताप दीड दिवस टिकला होता, म्हणून प्रतिजैविक देण्याचा निर्णय योग्य वाटतो. दोन दिवसांत बरे वाटू लागेल, तरी सांगितलेले सगळे दिवस गोळ्या पूर्ण कर. वेदना आणि सूज यांसाठी इबुप्रोफेन व पॅरासिटामॉल ही दोन्ही औषधे स्तनपानात चालतात. सोसत राहण्यात काही शौर्य नाही, उलट वेदनेने पान्हा अडखळतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर इबुप्रोफेन विचारूनच घ्यावे. पावसाळ्याचे दिवस असल्याने आणखी एक सांगते: पुढे कधी ताप आला आणि स्तनात काहीच सापडले नाही, तर डेंगी नाही हे रक्त तपासून कळेपर्यंत इबुप्रोफेन घेऊ नकोस, कारण डेंगीत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाळंतिणीचा ताप टाक्यांमुळे, गर्भाशयातील किंवा लघवीच्या संसर्गामुळेही येऊ शकतो, हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे.

काही लक्षणे दिसली तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. औषध सुरू होऊन ४८ तास झाले तरी ताप न उतरणे, हुडहुडी भरून उलट्या होणे, छाती फार धडधडणे, भोवळ येणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, दोन्ही स्तनांत एकाच वेळी दाह पसरणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. गाठीच्या मध्यभागी मऊ, लिबलिबीत भाग लागू लागला तर गळू झाले असण्याची शंका घ्यावी आणि सोनोग्राफी करावी. तसे निघालेच तरी हबकून जाऊ नकोस. बहुतेक वेळा सोनोग्राफीत पाहत सुईने पू काढता येतो आणि त्यानंतरही त्या बाजूने पाजता येते. लाली दिसत नाही म्हणून कोणी दुखणे हलके समजत असेल तर त्यांना सांग, की आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर लाली सहसा नजरेत भरत नाही. हाताला लागणारी ऊब, तकाकी आणि वेदना हीच खरी खूण. कोणाला दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढू द्यावी, फक्त त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबू नये.

या आठवड्यात तुझे काम दोनच गोष्टींचे आहे: बाळाला पाजणे आणि झोपणे. लंगोट, आंघोळ, ढेकर काढणे, रात्री बाळाला उचलून तुझ्याजवळ आणणे, हे सारे नवऱ्याने करावे. त्यासाठी मी त्यालाही हे पत्र वाचायला सांगितले आहे. बारशासाठी येणाऱ्यांना आणखी पंधरा दिवसांनी बोलवावे. ‘आता सगळे नकोसे झाले आहे’ असे तू शेवटी लिहिलेस. तापात तसे वाटणे समजण्यासारखे आहे, पण ताप उतरल्यावरही रडू येत राहिले, झोपायला वेळ मिळूनही झोप लागली नाही आणि असे दोन आठवडे चालले, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे दुखणे आहे. स्वतःचे किंवा बाळाचे काही बरेवाईट करावे असा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबायचे नाही. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कधीही लावता येतो आणि तेथे मराठीत बोलता येते. उद्या तू अंगावर पाजणे थांबवायचे ठरवलेस तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त ते हळूहळू, एकेक वेळ कमी करत थांबव.

बरे झाल्यावर काही दिवस उजव्या बाजूचे दूध कमी वाटेल. बाळ पीत राहिले की ते पुन्हा वाढते, तेवढ्यासाठी वरचे दूध सुरू करण्याची घाई नको. कामावर रुजू होशील तेव्हा दूध काढण्याची वेळ बैठकीपायी टळू देऊ नकोस, कारण पाजण्यातील अंतर एकाएकी वाढले की हे दुखणे पुन्हा डोके वर काढते. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा त्यासाठी सुटी घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. ताप गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीही गाठ तशीच राहिली, त्याच जागी दाह पुन्हा पुन्हा होऊ लागला किंवा तेथील त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, तर ‘दुधाचीच गाठ असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. क्वचित त्यामागे कर्करोगही असू शकतो, म्हणून तज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्यावी. उद्या सकाळी आणि संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहून ठेव आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझी,
मावशी