वाचकांचे प्रश्न : वडिलांची ऑस्टिन ‘विरघळली’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न : माझे वडील १९७१ ते १९७९ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला नोकरीला होते. तिथे त्यांच्याकडे ऑस्टिन ११०० ही गाडी होती. तिच्याबद्दल ते नेहमी कौतुकाने बोलत आणि शेवटी सुस्कारा सोडून ‘विरघळली बिचारी’ असे म्हणत. आमच्याकडे एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात आई गाडीला टेकून उभी आहे आणि नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर दिसते. इकडे साताऱ्यात मामांची अॅम्बेसेडर तीस वर्षे चालली, तीही मूळची इंग्रजी गाडीच; मग हीच का टिकू नये? बर्मिंगहॅमला असलेला माझा मुलगा आता आजोबांच्या आठवणीखातर तशीच गाडी घ्यायची म्हणतो आहे. घ्यावी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वडिलांनी शब्द अगदी नेमका निवडला होता. हे मी सांगोवांगी लिहीत नाही, कारण वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करत असताना, १९७२ ते १९७८ अशी सहा वर्षे, या गाडीची सख्खी बहीण असलेली मॉरिस ११०० आमच्या दारात उभी होती आणि तिचे विरघळणे मी बोटांनी चाचपून पाहिले आहे. आधी फोटोतल्या अक्षराचा उलगडा करतो. त्या काळी ब्रिटनमध्ये नंबराच्या शेवटच्या अक्षरावरून गाडीच्या नोंदणीचे वर्ष कळत असे. ‘एच’ म्हणजे ऑगस्ट १९६९ ते जुलै १९७०. आमच्या गाडीचे अक्षर ‘डी’ होते, म्हणजे ती १९६६ची, आणि आमच्या हाती आली तेव्हा सहा वर्षांची होती. विकणाऱ्याने ती इतकी चकचकीत ठेवली होती की तिच्या दारात पाहून माझ्या पत्नीने कुंकू नीट केले, आणि मी तेवढ्यावर व्यवहार पक्का केला.

ही गाडी मुळात काय होती, ते आपल्या मुलाला माहीत असायला हवे. मिनी या छोट्या गाडीचे जनक अॅलेक इसिगोनिस यांनी तिची मांडणी केली, इटलीतल्या पिनिनफारिनाने तिला रूप दिले आणि ऑगस्ट १९६२ मध्ये ती मॉरिस या नावाने बाजारात आली. ऑस्टिनचे नाव लावलेली गाडी पुढच्या वर्षी निघाली. एमजी, वुल्झली, रायली अशी नावे लावून तीच गाडी थोड्याफार फरकाने विकली जात असे. इंजिन आडवे बसवलेले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली आणि गाडी ओढणारी चाके पुढची. त्यामुळे जेमतेम पावणेचार मीटरच्या त्या गाडीत आम्ही पाच माणसे, एक स्टोव्ह आणि पुऱ्यांचा डबा घेऊन वेल्सच्या किनाऱ्यापर्यंत जात असू, आणि कुणाचा गुडघा कुणाला लागत नसे. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये बहुतेक वर्षी सर्वांत जास्त खपलेली गाडी हीच होती, आणि एकूण वीस लाखांहून अधिक तयार झाल्या, हे ऐकून आज रस्त्यावर एकही का दिसत नाही, असा प्रश्न मुलाला पडेल.

तिची खरी गंमत मात्र चाकांच्या वर होती. छोट्या चाकांच्या सायकलीमुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते, त्या अॅलेक्स मोल्टन यांनी नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी प्रत्येक चाकाला रबर आणि द्रव भरलेला एक डबा दिला होता आणि एका बाजूचा पुढचा डबा मागच्या डब्याला नळीने जोडला होता. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे ढकलला जाई, मागची बाजूही उचलली जाई, आणि गाडी डुलत, पण न आपटता, पुढे जाई. ज्याने मुंबई-पुण्याचा जुना घाट एसटीच्या मागच्या बाकावर बसून केला आहे, त्याला हे सुख शब्दांत सांगण्याची गरज नाही. या सुखाची किंमतही होती. एका सकाळी पाहतो तर गाडी डाव्या कुशीवर म्हशीसारखी बसलेली. रात्रीत एक नळी गळली होती. गॅरेजवाल्याने पंप लावून द्रव भरला आणि अर्ध्या तासात ती पुन्हा उठून उभी राहिली. पावसाळी दिवसांत पुढच्या जाळीमागच्या डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे इंजिनाला ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागावर, पाणी उडून इंजिन बंद पडे, त्यावर शेजाऱ्याने सुचवलेला उपाय म्हणजे भांडी घासायचा रबरी हातमोजा: एकेका बोटाचे टोक कापून त्यातून एकेक वायर ओवायची आणि मोजा वरून ओढून घ्यायचा. आमच्या गाडीने हा गुलाबी मोजा शेवटपर्यंत घातला.

आता विरघळण्याकडे वळतो. हिवाळ्यात तिकडे बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर खडेमीठ टाकतात; चेशर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतून निघणारे हे मीठ तपकिरी असते, आणि सगळा हिवाळा त्याचा चिखल गाडीच्या पोटाला लिंपला जातो. लोखंड पाण्याने आणि हवेने गंजतेच, पण खारट पाण्यातून वीज सहज वाहत असल्यामुळे ही क्रिया झपाट्याने होते, शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पत्रा कोरडा म्हणून होत नाही. ११००ला वेगळी चासी नव्हती. पत्र्याचे अंगच सगळा भार पेलत असे, आणि त्यातला मोठा वाटा दाराखालच्या पोकळ पट्ट्यांचा, ज्यांना तिकडे सिल म्हणतात. या पोकळीतली पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजली की पट्टी आतून बाहेर गंजत येई. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. पण वाटाण्याएवढा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. मागच्या चाकांची लोखंडी चौकट बोल्टने जिथे अंगाला जोडलेली असते, ते तर या गाडीचे मर्मस्थान होते. मी दर रविवारी गाडी वरून शाम्पूने धूत असे. आडवे पडून खालून पाण्याचा फवारा मारावा, हे सहा वर्षांत एकदाही सुचले नाही.

जानेवारी १९७५ मध्ये श्रूजबरीच्या रस्त्यावर रात्री चाक पंक्चर झाले. पत्नी साडीवर ओव्हरकोट घालून टॉर्च धरून उभी होती आणि मी जॅक फिरवत होतो. जॅक वर चढत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. मग पापड मोडावा तसा आवाज झाला आणि जॅकचे टोक पत्र्यातून आत शिरले. टॉर्चच्या उजेडात त्या भोकातून तपकिरी पापुद्रे भाजक्या पोह्यांसारखे गळत राहिले. ती शांतपणे म्हणाली, ‘अहो, ही नुसत्या रंगावर उभी आहे.’ शेवटी एका लॉरीवाल्याने आपला जॅक दुसऱ्या जागी लावून चाक बदलून दिले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. पुढे एका गॅरेजने ते भोक बुजवून दिले. कशाने बुजवले ते मी विचारले नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

१९७६चा उन्हाळा इतका कोरडा गेला की गाड्यांवर पाणी मारायलाही बंदी आली, आणि गंज थांबला अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. त्यानंतर केलेली चूक अधिक मोठी. नव्या घराला बॉयलरमुळे ऊबदार राहणारे गॅरेज होते. गाडीची दया येऊन मी तो सगळा हिवाळा तिला रात्री आत ठेवली. कडाक्याच्या थंडीत गंजण्याची क्रिया मंदावते आणि उबेत वाढते, एवढे रसायनशास्त्र मी शिकलो होतो. तरीही मिठाने माखलेली ओली गाडी मी रोज जणू उबवत ठेवली.

ब्रिटनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी, जिला एमओटी म्हणतात, १९६०मध्ये सुरू झाली. १९७७मध्ये तिच्यात अंगाच्या मजबुतीचीही भर पडली. १९७८च्या तपासणीत तपासनीस छोट्या हातोडीने सिलवर टकटक करत पुढे सरकत होता. आम्ही रुग्णाची छाती बोटांनी ठोकून आवाज ऐकतो, तेच हे तंत्र, आणि आवाज बद्द येऊ लागताच मला निदान कळले. त्याने टोचा घातला तेव्हा आतून पत्र्याऐवजी लांबी निघाली, आणि लांबीच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा, ज्यावरची फुटबॉलची बातमी अजून वाचता येत होती. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या दुप्पट होता. भंगारवाल्याकडे मी ती स्वतः चालवत नेली. चोक ओढताच इंजिन नेहमीसारखे पहिल्याच फटक्यात सुरू झाले, आणि मला त्याचीच अधिक लाज वाटली.

आपल्या मामांच्या अॅम्बेसेडरबद्दल थोडक्यात लिहितो. ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली होती आणि तिलाही वेगळी चासी नव्हती, त्यामुळे फरक कुळाचा नाही, मिठाचा आहे. साताऱ्याच्या रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही, आणि पत्रा खराब झालाच तर कापून नवा जोडणारा कारागीर आपल्याकडे परवडतो. मामा रत्नागिरीला समुद्रासमोर राहत असते, तर त्यांनीही आपल्या वडिलांसारखाच सुस्कारा सोडला असता.

मुलाने गाडी जरूर घ्यावी, पण रंगाला भुलू नये. या गाड्यांच्या मालकांचे मंडळ तिकडे आहे. त्यांतल्या एखाद्या जाणत्याला सोबत न्यावे. मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही, तरी विकणाऱ्याला सांगून ती करवून घ्यावी, आणि तो तिला तयार नसेल तर तिथेच थांबावे. सपाट जागेवर गाडी एका बाजूला झुकलेली दिसते का ते पाहावे. लोहचुंबक रुमालात गुंडाळून सिलवरून फिरवावा. लांबीवर तो चिकटत नाही. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तारेने पाण्याची भोके मोकळी करावीत, पोकळ्यांत मेण फवारून घ्यावे आणि मिठाच्या दिवसांत बसने जावे. पाहायला जायचे ते शक्यतो आदल्या दिवशी चांगला पाऊस झालेला असताना. मागच्या सीटसमोरचे कार्पेट उचलून खालच्या फेल्टवर तळहात दाबावा, आणि हात ओला निघाला तर मालकाने दिलेला चहा पिऊन परत यावे.