सांगलीतल्या बायबल-वर्गातला प्रश्न: देवाने एसावाचा द्वेष केला, मग तो प्रीती कसा?

रोमकरांस पत्र ९:१३ मध्ये देव म्हणतो, ‘याकोबावर मी प्रीती केली, पण एसावाचा द्वेष केला’. गाडी अडते ती ‘द्वेष’ या शब्दावर. वाक्य मूळ मलाखी १:२-३ मधलं. तिथे एसाव म्हणजे याकोबाचा जुळा भाऊ एवढंच नव्हे, तर त्याच्यापासून झालेलं अदोम राष्ट्र. लूक १४:२६ मध्ये आईबापांचाही ‘द्वेष’ करायला सांगितलंय, म्हणजे तुलनेने कमी प्रेम. पण एवढ्याने कॅल्विनवादी, म्हणजे कुणाला तारायचं ते देव आधीच निवडतो असं मानणारे, गप्प बसत नाहीत. ९:११ पाहा, निवड जन्माआधीची. त्यांचे विरोधक आर्मिनियन, तारण नाकारण्याची मोकळीक माणसाला आहे असं मानणारे, १ तीमथ्य २:४ पुढे करतात: सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. हॉलंडमधली डॉर्टची चर्च-सभा (१६१८-१९) याच वादावर बसली होती. मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल उभारणारं प्रेस्बिटेरियन मिशन कॅल्विनच्याच परंपरेतलं, तेव्हा वाद तसा घरचाच.

वर्गात नववा अध्याय सुटा घेऊ नका, तिथेच घोळ होतो. ९ ते ११ सलग वाचा, ९० वचनं आहेत. ११:३२ ला ‘सर्वांवर दया’ येते; आता ‘सर्व’ म्हणजे कोण, यावर भांडा.